बॉन्ड ‘अप’ आहे, तरी सर्व्हर का रडतोय?

मे महिन्यातली दुपार. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून फोन आला. “सर, बिलं निघंनात की ओ. सर्व्हर लै हळू झालाय.”

“बंद पडलाय का?”

“बंद पडला असता तर बरं झालं असतं सर. चालू हाय म्हणूनच कुणी ऐकून घेईना.”

त्या सर्व्हरला दोन नेटवर्क केबल होत्या आणि दोन्ही मिळून एक बॉन्ड केलेला होता. केलेला मीच. घरूनच लॉगिन करून बघितलं तर बॉन्ड अप, आयपी जागेवर, पिंगला उत्तर येतंय. तेच ते तीनदा बघण्यात माझा अर्धा तास गेला, आणि तिकडं डिस्पॅचचा ट्रक गेटवर उभा.

बॉन्डिंग करतात ते कशासाठी? एक केबल किंवा एक पोर्ट गेला तरी वापरणाऱ्याला कळू नये म्हणून. ते काम तो इतकं इमानदारीनं करतो की बिघाड तुम्हालाही कळू देत नाही. म्हणून बॉन्ड तपासायला बसलात की बॉन्डकडं बघूच नका, त्याच्या पोटातल्या एकेका नेटवर्क कार्डाकडं बघा. पुढं जे सांगतोय ते सगळं या एका सवयीवर उभं आहे.

लिनक्स थोडंफार येतं, पण बॉन्डशी पहिल्यांदाच गाठ पडली आहे, अशांसाठी हे लिहितोय. कमांड मी पोरांना फोनवर सांगतो तशा, उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं वापरा. मोठं अक्षर लागेल तिथं सांगेन. कार्डांची नावं मी ईएनओ१ आणि ईएनओ२ धरली आहेत, बॉन्डचं नाव बॉन्ड०. तुमच्याकडं वेगळी असतील, “आयपी मायनस बीआर लिंक” म्हटलं की यादी समोर येते.

आधी सर्व्हरपाशी जाऊन उभं राहा

नेटवर्कवरून लॉगिन करून त्याच नेटवर्कची दुरुस्ती करणं म्हणजे बसलेल्या फांदीवर कुऱ्हाड. नुसतं बघायचं असेल तर लांबून खुशाल बघा. बदल करायचा असेल तर मॉनिटर आणि कीबोर्ड लावून सर्व्हरसमोर बसा, नाहीतर सर्व्हरला वेगळा मॅनेजमेंट पोर्ट असेल तर त्यातून स्क्रीन उघडा. सात रस्त्यावरून अक्कलकोट रोडला जायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. सर्व्हर हातचा गेल्यावर हीच वीस मिनिटं मालकांचे फोन घेत काढावी लागतात.

उबुंटूवाल्यांसाठी एक खास धोका. “नेटप्लॅन ट्राय” ही कमांड नवी सेटिंग लावते आणि १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाहीत तर जुनी परत आणते. छान सोय आहे, पण बॉन्डचे पॅरामीटर बदलले असतील तर ती सोय चालत नाही. हे मागं घेता येणार नाही, असं ती स्वतःच सांगते. म्हणजे जाळी नेमकी जिथं हवी तिथंच नाही. बदल करण्याआधी ईटीसीमधल्या नेटप्लॅन फोल्डरातली फाइल दुसरीकडं कॉपी करून ठेवा. नेटवर्क मॅनेजर वापरत असाल तर त्याच्या प्रोफाइलच्या फायली.

ती एक फाइल

बॉन्डची कुंडली एका फायलीत असते: “कॅट, स्पेस, स्लॅश प्रॉक स्लॅश नेट स्लॅश बॉन्डिंग स्लॅश बॉन्ड०”. बाकीची साधनं नंतर. बॉन्डची तक्रार आली की पहिली ही फाइल, आणि ती वरून खालपर्यंत वाचायची. नवी पोरं वरच्या चार ओळी वाचतात आणि “एमआयआय स्टेटस अप” दिसलं की थांबतात. एमआयआय म्हणजे लिंक जिवंत आहे का याची तपासणी, पण वरचं ते स्टेटस अख्ख्या बॉन्डचं असतं. दोनपैकी एक केबल जिवंत असली तरी ते अपच असणार.

वरच्या भागात दोन गोष्टी बघा. पहिली, बॉन्डिंग मोड. तुम्ही अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप मागितला होता आणि इथं राउंड-रॉबिन लिहिलंय, तर तुमची सेटिंग वाचलीच गेलेली नाही. ड्रायव्हरला काहीच सांगितलं नाही तर तो राउंड-रॉबिनच धरतो. दुसरी, एमआयआय पोलिंग इंटर्व्हल. हा आकडा शून्य असेल आणि एआरपीची तपासणीही (एखाद्या आयपीला हाक मारून उत्तर येतंय का ते बघणं) लावलेली नसेल, तर केबल जिवंत आहे की मेली हे बॉन्ड बघतच नाहीये. १०० करा, म्हणजे दर १०० मिलिसेकंदांनी बघेल.

मग खाली प्रत्येक कार्डाचा वेगळा परिच्छेद येतो, “स्लेव्ह इंटरफेस” अशा शब्दांनी सुरू होणारा. त्यात स्टेटस, स्पीड, डुप्लेक्स आणि लिंक फेल्युअर काउंट असतो. हा शेवटचा आकडा म्हणजे ती लिंक आजवर किती वेळा पडली याची मोजदाद. एका कार्डाला ० किंवा १ आणि दुसऱ्याला २१४ असेल तर पुढचं वाचायचंही कारण नाही, ती केबल हातात घ्या.

कारखान्यात त्या दिवशी दोन्ही स्टेटस अप होती, काउंटही फार नव्हता. पण ईएनओ१ समोर स्पीड १०००, आणि ईएनओ२ समोर १००.

तपकिरी वायर

गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, म्हणजे आठही वायरी. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात: पिन १, २, ३ आणि ६. त्यामुळं निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी वायर पिनला नीट लागलेली नसेल तर बरीच कार्डं गुपचूप १०० वर उतरतात. लिंक जात नाही, दिवा लुकलुकत राहतो आणि सगळ्यांना वाटतं, केबल ठीक आहे.

ही केबल मीच क्रिंप केली होती. सर्व्हरची खोली मागाच्या शेडला लागून, मधे एकच भिंत. दिवसभर जमीन बारीक हलत असते. कनेक्टर काढून उजेडाकडं धरला. सात वायरींची तांब्याची टोकं प्लास्टिकच्या पुढच्या भिंतीला टेकलेली, आणि आठवी, तपकिरी, साधारण दोन मिलिमीटर मागं. पिन तिला जेमतेम शिवत होती. कनेक्टरवर कापसाची बारीक लव बसलेली होती ती वेगळीच. सहा महिने ही केबल चालली याचंच नवल.

आता प्रश्न असा की एक केबल १०० वर गेली तरी दुसरी गिगाबिटवर होती ना, मग सगळं हळू का? इथं खरी मेख आहे, आणि ती मलाही त्या दिवसापर्यंत नीट माहीत नव्हती.

बॉन्ड एलएसीपी मोडमध्ये होता, म्हणजे ८०२.३एडी: सर्व्हर आणि स्विच आपसात बोलून केबलींचा गट ठरवतात. या मोडमध्ये सारख्या स्पीडच्या लिंकाच एका गटात बसतात. फायलीत प्रत्येक कार्डासमोर अ‍ॅग्रिगेटर आयडी दिसतो, तो गटाचा नंबर. दोन्हींचा नंबर एकच हवा. आमच्याकडं एकाचा १, दुसऱ्याचा २. एका वेळी एकच गट काम करतो, दुसरा नुसता बसून राहतो. कुठला काम करतोय ते वर “अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅग्रिगेटर इन्फो”मध्ये दिसतं, आणि तिथं होता २. म्हणजे अख्खा कारखाना १०० एमबीपीएसच्या केबलवर, आणि गिगाबिटची केबल निवांत.

असं कसं झालं? सकाळी लाइट गेली होती. परत आल्यावर ईएनओ२ ची लिंक आधी उभी राहिली आणि तिचा गट कामाला लागला. ईएनओ१ मागून आली, दहापट वेगानं, पण गट निवडायचं धोरण मुळात “स्टेबल” असतं: चालू गटातली सगळी कार्डं पडल्याशिवाय दुसऱ्या गटाकडं जायचंच नाही. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला जेमतेम १२ एमबी. त्यात डिझाइन विभागातल्या कुणीतरी जकार्डच्या फायलींचा मोठा फोल्डर कॉपीला लावलेला. बिलं निघणार कशी?

तातडीचा उपाय म्हणजे आजारी कार्ड बाजूला काढणं: “आयपी लिंक सेट ईएनओ२ डाउन”. बॉन्ड लगेच दुसऱ्या गटावर गेला आणि दोन मिनिटांत बिलं सुटली. मग केबल नवीन घातली. गटाचं धोरण “बँडविड्थ” असं बदललं, म्हणजे लिंकांच्या अवस्थेत बदल झाला की जास्त रुंद गट पुन्हा निवडला जातो. हा बदल बॉन्ड डाउन असतानाच करता येतो, म्हणून तो रात्री पाळी सुटल्यावर केला.

केबलची खात्री करायला “इथटूल ईएनओ२” द्या. स्पीड, डुप्लेक्स आणि “लिंक डिटेक्टेड” तिथंही दिसतं. “इथटूल मायनस मोठा एस ईएनओ२” दिलं की चुकांचे आकडे येतात. त्यात सीआरसी नावाचा (वाटेत खराब झालेल्या पॅकेटांचा) आकडा दर मिनिटाला वाढत असेल तर केबल, कनेक्टर किंवा पोर्ट यांपैकी काहीतरी खराब आहे. रॅकमध्ये कुठली केबल कुठल्या कार्डाची हे कळत नसेल तर “इथटूल मायनस छोटा पी ईएनओ२” द्या. कार्डाला ही सोय असेल तर त्या पोर्टचा दिवा उघडझाप करतो. अंदाजानं केबल ओढणारे मी बघितलेत. नेमकी चांगलीच ओढतात.

स्विचला विचारलंय का?

केबल ठीक असेल तर पुढचा संशयित स्विच. बॉन्ड हा दोघांचा करार आहे, आणि मोडप्रमाणे करार बदलतो.

साधा, सेटिंग नसलेला स्विच असेल, आणि आपल्याकडच्या बऱ्याच ऑफिसांत तोच असतो, तर तीनच मोड चालतात: अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप, बॅलन्स-टीएलबी आणि बॅलन्स-एएलबी. नवख्यानं डोळे झाकून अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप घ्यावा. एक केबल काम करते, दुसरी राखीव. वेग वाढत नाही, पण डोकेदुखीही नाही. दोन केबल दोन वेगवेगळ्या स्विचना लावायच्या असतील तरी हाच. एलएसीपी दोन सुट्या स्विचवर चालत नाही, ते दोन्ही मिळून एकच असल्यासारखे वागणारे असावे लागतात.

एलएसीपी वापरत असाल तर त्याच फायलीत “पार्टनर मॅक अ‍ॅड्रेस” बघा. तो समोरच्या स्विचचा हार्डवेअर पत्ता. तिथं सगळी शून्यं असतील तर स्विच तुमच्याशी एलएसीपी बोलतच नाहीये. डीमेसेजमध्येही (कर्नलचा लॉग, टाइप करताना डी-एम-ई-एस-जी सलग) समोरून ८०२.३एडीचं उत्तर नसल्याची तक्रार सापडेल. स्विचच्या मेन्यूत याला लॅग, ट्रंक, पोर्ट-चॅनेल अशी नाना नावं असतात. काही ठिकाणी ८०२.३एडी लिहिलेलं असेल, काही ठिकाणी ८०२.१एएक्स. गोष्ट एकच: २००० साली आलेलं हे मानक २००८ मध्ये दुसऱ्या नंबराखाली गेलं.

आता एक लक्षण पाठ करून ठेवा, कारण ते माणसाला वेड लावतं: काही कॉम्प्युटरना सर्व्हर दिसतो, काहींना दिसत नाही, आणि रोज तेच ते कॉम्प्युटर. लोक अँटीव्हायरस काढतात, विंडोज नव्यानं टाकतात. नवी पेठेतल्या एका दुकानात मीही एका बिचाऱ्या पीसीचा असाच छळ केला होता. कारण बहुधा असं असतं की स्विचवर कुणीतरी दोन्ही पोर्टचा स्थिर गट केलेला असतो आणि सर्व्हरवर मात्र अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप असतो, किंवा एलएसीपी असतो पण स्विच तो बोलत नाही. स्विच आपला हिशोब करून काही जणांचा माल, म्हणजे डेटा, पहिल्या केबलवर पाठवतो, काहींचा दुसऱ्या. सर्व्हरच्या लेखी दुसरी केबल राखीव, तिच्यावरून आलेला माल तो टाकून देतो. ज्यांचा हिशोब दुसऱ्या केबलवर पडला त्यांना सर्व्हर मेलेला. उपाय: दोन्ही बाजूंना एलएसीपी करा, नाहीतर स्विचवरचा गट मोडून टाका.

उलटीही गत होते. सर्व्हरवर राउंड-रॉबिन आणि स्विचवर काहीच नाही. मग एकच मॅक अ‍ॅड्रेस कधी पोर्ट ३ वर, कधी पोर्ट ४ वर दिसतो आणि स्विच गोंधळून जातो. त्याच्या लॉगमध्ये मॅक फ्लॅपिंगच्या ओळींचा पाऊस पडलेला असतो.

लाइट आल्यानंतर अर्धा मिनिट सर्व्हर मिळत नाही, मग आपोआप मिळतो, अशी तक्रार असेल तर ते स्पॅनिंग ट्री आहे, म्हणजे नेटवर्कमध्ये लूप होऊ नये म्हणून स्विच करतो ती तपासणी. लिंक वर आल्यावर स्विचचा पोर्ट १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात घालवतो; केबल अप दिसते पण माल जात नाही. स्विचवर तो पोर्ट एज पोर्ट करा, म्हणजे तो ही वाट बघणार नाही. ते हातात नसेल तर बॉन्डला अपडिले द्या, म्हणजे परत आलेल्या केबलवर तो लगेच विश्वास ठेवणार नाही. हा आकडा पोलिंगच्या आकड्याच्या पटीत असावा लागतो.

आणि मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा डबा. ऑफिस एका टोकाला, शेड दुसऱ्या टोकाला, मधे फायबर, अशी मांडणी चिंचोळी एमआयडीसीपर्यंत कुठंही बघा. मधलं फायबर तुटलं तरी कन्व्हर्टर तांब्याच्या बाजूची लिंक अपच ठेवू शकतो, आणि एमआयआय तेवढीच बघतो: पुढच्या डब्यापर्यंत. अशा ठिकाणी अ‍ॅक्टिव्ह-बॅकअपला एआरपीची तपासणी लावा आणि लक्ष्य म्हणून पलीकडच्या गेटवेचा आयपी द्या. एलएसीपीला ही तपासणी चालत नाही. तिथं एलएसीपी रेट “फास्ट” करा. स्लोमध्ये दर ३० सेकंदांनी एक निरोप जातो आणि जोडीदार मेला हे कळायला ९० सेकंद लागतात, फास्टमध्ये ३.

आयपी भलत्याच जागी

हे पटकन उरकतो. आयपी फक्त बॉन्डवर असावा, आतल्या कार्डांवर नाही. “आयपी ए” द्या. ईएनओ१ समोरही आयपी दिसला तर लिनक्स बसवताना बनलेलं जुनं प्रोफाइल ते कार्ड आधी पळवून नेतंय. “एनएमसीएलआय कनेक्शन शो” मध्ये ते जुनं प्रोफाइल सापडेल. ते काढून टाका, निदान आपोआप जोडणं बंद करा, मग बॉन्ड पुन्हा उभा करा.

दोन केबल म्हणजे दुप्पट वेग?

मालकांना हे समजावणं सगळ्यात अवघड. “दोन केबलचे पैसे दिले, कॉपी तर तेवढीच चालते की.” खरं आहे. एलएसीपीत एका जोडणीचा सगळा माल एकाच केबलवरून जातो, नाहीतर पॅकेटं मागंपुढं पोचतील. म्हणून एक मोठी फाइल कॉपी करताना १ गिगाबिटच्या वर वेग मिळत नाही. फायदा दिसतो तो दहा जण एकदम काम करतात तेव्हा. एसटीच्या एका खिडकीची दोन खिडक्या झाल्या म्हणून एका माणसाचं तिकीट दुप्पट वेगानं निघत नाही, रांग मात्र लवकर सरते.

पण दहा जण असूनही एकच केबल भरलेली आणि दुसरी रिकामी असेल तर ट्रान्समिट हॅश पॉलिसी बघा. मुळात ती लेयर-२ असते, म्हणजे केबल मॅक अ‍ॅड्रेसवरून ठरते. सगळे वापरणारे राउटरच्या पलीकडं असतील तर सर्व्हरला एकच मॅक दिसतो, राउटरचा, आणि सगळा माल एकाच केबलवर. लेयर-३-प्लस-४ करा, मग आयपी आणि पोर्टवरून वाटणी होते. मात्र ही वाटणी सर्व्हरकडून बाहेर जाणाऱ्या मालाची. आत येणाऱ्या मालाची वाटणी स्विच करतो, त्याची सेटिंग तिकडं. “आयपी मायनस एस लिंक” दर थोड्या वेळानं देऊन दोन्ही कार्डांचे आकडे कसे वाढतात ते ताडून बघा.

केबल ओढून बघा

दुरुस्ती झाली असं म्हणायच्या आधी हे करायचंच. मी पहिल्या वेळी हे केलं नव्हतं, केलं असतं तर तपकिरी वायर त्याच दिवशी सापडली असती.

दुसऱ्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरला सतत पिंग लावा. ईएनओ१ ची केबल काढा. पिंगची एक-दोन उत्तरं चुकली तर चालेल, दहा चुकली तर मागं जा. तशाच अवस्थेत, एका केबलवर, एक मोठी फाइल कॉपी करा. पिंग १०० वरच्या केबललाही जमतं, खोटं उघडं पडतं ते फायलीत. केबल परत लावा आणि लगेच दुसरी ओढू नका. ती प्रॉकमधली फाइल पुन्हा बघा, स्टेटस अप, स्पीड १०००, अ‍ॅग्रिगेटर आयडी दोन्हींचा एक, असं दिसेपर्यंत थांबा. मग ईएनओ२ ची पाळी.

शेवटी दोन्ही केबलींना दोन्ही टोकांना नावाच्या पट्ट्या लावा. दोन्ही केबल एकाच स्विचला आणि तो स्विच यूपीएसऐवजी भिंतीच्या साध्या बोर्डला, असं असेल तर तेही आत्ताच बदला. दर पाच मिनिटांनी क्रॉनमधून ती फाइल वाचून एखाद्या कार्डाचं स्टेटस डाउन किंवा स्पीड १००० पेक्षा कमी दिसलं तर मेल पाठवणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहा. त्या कारखान्यात ती लावल्यावर तीन आठवड्यांनी पहाटे मेल आला: ईएनओ१, डाउन. जाऊन बघितलं तर घुशीनं केबल कुरतडली होती. बिलिंगवाल्या पोराला विचारलं, काही अडचण आली का. म्हणाला, “नाही की सर, कशाची?”